'सायको' आजही घाबरवतो का?

रंकाळाकाठ: परवा राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून आम्ही सात-आठ जणांनी दिग्दर्शक हिचकॉकचा 'सायको' बघितला. १९६० चा, कृष्णधवल. आजच्या निम्म्या भयपटांपेक्षा तो जास्त टरकवतो, असं माझं ठाम मत झालंय. न्हाणीघरातला नायिकेच्या खुनाचा तो प्रसंग पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण शूटिंगला सात दिवस लागले होते. रक्त म्हणून वापरलं चॉकलेट सिरप. सुरा अंगात शिरताना धड दिसत नाही, तरी बघणारा शपथेवर सांगेल की दिसला. बाकीचं काम संगीतकार हर्मनच्या व्हायोलिन्सचं. हिचकॉकला तिथं संगीतच नको होतं. हर्मनने तरीही रचलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं.

पेठेतला: भावा, मी पण होतो की त्या गच्चीवर. मला नाही भीती वाटली. नायिका मधेच मरते हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या काळी खेळ सुरू झाल्यावर कुणालाच आत सोडत नव्हते, कारण सगळी ताकद धक्क्यात होती. धक्का माहीत झाल्यावर राहिलं काय? शेवटी तो मानसोपचारतज्ज्ञ मास्तरांसारखं सगळं समजावून सांगतो, तिथं मी मोबाइल काढला.

रंकाळाकाठ: सगळं धक्क्यातच असेल, तर रंगीत असता तरी चाललं असतं का मग? १९९८ मध्ये दिग्दर्शक गस व्हॅन सँटने जवळपास चौकटीमागून चौकट तशीच ठेवून रंगीत 'सायको' काढला. गोष्ट तीच, संगीत तेच, पण भीती गेली. आणि हिचकॉकने त्याच्या 'सायको'च्या आधीच्याच वर्षी रंगीत सिनेमा केला होता, म्हणजे कृष्णधवल त्यानं निवडलं.

पेठेतला: निवडलं, पण पैसे वाचवायलाही निवडलं. टीव्हीची मंडळी घेऊन आठेक लाख डॉलरमध्ये उरकला त्यानं. आणि न दाखवण्याचं एवढं कौतुक कशाला? आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' केला. त्यातला कीचकवध दाखवलाच, आणि तो इतका अंगावर आला की सेन्सॉरनं कापायला लावला. दाखवूनही भीती बसते.

महाद्वारची काकू: त्या मास्तरछाप मानसोपचारतज्ज्ञाबद्दल पेठेतल्याचं बरोबर आहे, तो भाग मलाही जड जातो. पण धक्का गेला की सिनेमा संपला, हे नाही पटत. मोटेलवाला नॉर्मन मेलेल्या नायिकेची गाडी दलदलीत ढकलतो ते आठवा. डिकीत तिचं प्रेत, शिवाय वर्तमानपत्रात गुंडाळलेले, चोरीच्या चाळीस हजार डॉलरमधले उरलेले पैसे, ज्यांचा त्याला पत्ताही नाही. गाडी बुडता बुडता मधेच थांबते. तो घाबरून इकडेतिकडे बघतो आणि आपण मनात म्हणतो, बुड की गं बाई! आत्तापर्यंत जिच्याबरोबर जीव मुठीत धरून पळत होतो, तिलाच बुडवायला आपण निघालेलो असतो. मी चार वेळा बघितलाय. खुनी कोण ते माहीत असलं की हे जास्तच बोचतं, कारण तेव्हा आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत हे पक्कं कळलेलं असतं.

रंकाळाकाठ: काकू, न्हाणीघराच्या नादात हे माझ्याकडून निसटलंच होतं.

पेठेतला: काकू, गाडी थांबली तेव्हा मीही 'बुड' म्हणालो होतो, शेजारच्यानं ऐकलंय. पण त्याला भीती कसं म्हणू? मला लाज वाटली होती. न्हाणीघर विसरलो, ते मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.