साठवणीचा मसाला ऑगस्टमध्येच खवट, ओलसर आणि किडका – मदत हवी आहे

केळफूल
मंडळी, डोंबिवलीतलं घर, तिसरा मजला. एप्रिलअखेर वर्षाचे मसाले केले: गोडा मसाला 1 किलो (घरी मिक्सरवर), कांदा-लसूण मसाला 2 किलो आणि ब्याडगीची मिरचीपूड 1 किलो (दोन्ही डंकावरून), धणेपूड अर्धा किलो (घरी).

आजची स्थिती: गोडा मसाला खवट लागतोय, आमटीत घातला की साबणासारखी चव मागे राहते. कांदा-लसूण मसाल्याचा वरचा थर ओला, आत गाठी. बुरशी दिसत नाही, वासही ठीक आहे. धणेपुडीत लालसर-तपकिरी बारीक किडे निघाले. मिरचीपूड काचेला लागून फिकट पडली आहे, मधली अजून लाल आहे.

गोडा मसाला आणि धणेपूड स्टीलच्या डब्यांत, शेगडीच्या वरच्या फळीवर. बाकी काचेच्या बरण्या खिडकीजवळ. हिंगाचे खडे सगळ्यांत घातलेत. कांदा-लसूण मसाल्यात मीठ किलोभर मिरचीला पाव किलो.

यातलं काय वाचेल? आणि पुढच्या खेपेला काय बदलू?

खलबत्ता
चार तक्रारींची चार वेगळी कारणं आहेत, त्यामुळे एकच उपाय सगळ्यांना लावू नका.

गोड्या मसाल्यातलं खोबरं बिघडलंय. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. त्यात ओल राहिली की ते तेल फुटतं आणि साबणासारखी चव येते. तीळ-खसखस बिघडली की जुन्या तळणाच्या तेलासारखा वास येतो, साबणासारखा नाही. म्हणजे तुमच्याकडे खोबरं एक तर नीट भाजलं गेलं नाही, किंवा वाटीच आधीपासून खवट होती. भाजून खवटपणा जात नाही, मसाल्याच्या वासाखाली काही आठवडे दडतो एवढंच. खोबऱ्याची प्रत्येक वाटी घेताना कडेचा तुकडा चावून पाहायचा.

तो मसाला टाकून द्या. काटकसर म्हणून थोडा थोडा वापराल तर रोजची आमटी बिघडेल.

पुढच्या वेळी गोडा मसाला दोन भागांत ठेवा. धणे, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, नागकेशर, शहाजिरे, जायपत्री वगैरे कोरडा भाग वर्षाचा करायला हरकत नाही. खोबरं आणि तीळ त्यात घालायचेच नाहीत. महिन्याला लागेल तेवढा कोरडा मसाला काढायचा आणि दर 250 ग्रॅमला 60 ग्रॅम खोबऱ्याचा कीस आणि 30 ग्रॅम तीळ ताजे भाजून, पूर्ण गार करून, फिरवून मिसळायचे. कीस मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा आणि गार झाल्यावर बोटांत चुरडून पाहा. कुरकुरीत चुरा झाला तर झाला. लवला तर अजून ओल आहे.

मिक्सरवर करताना एका वेळी 100 ग्रॅमच्या वर घेऊ नका. दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, भांडं हाताला गरम लागलं तर गार होऊ द्या. भांडं तापलं की ज्या वासासाठी एवढी खटपट केली तो झाकण उघडताच स्वयंपाकघरभर पसरतो आणि बरणीत कमी उरतो.

ओवीकाकू
कांदा-लसूण मसाल्यावर लिहिते. केळफूल ताई, दोष मिठाचा आहे. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. खडेमीठ त्याहून आधी पाझरतं. घाटावर, कोल्हापूर-साताऱ्याच्या बाजूला, हेच प्रमाण सहसा निभावतं. किनाऱ्याजवळ नाही. साठवणीच्या मसाल्यात मीठ घालूच नका, भाजीत घालता तेवढं पुरे. मात्र मग कांदा-लसणात ओल अजिबात चालणार नाही. कांदा उभा पातळ चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग तेलात कुरकुरीत तळा. लसूणही तसाच. हाताने मोडल्यावर कट्कन तुटला पाहिजे.

आत्ताचा मसाला वाचेल. ताटात पातळ पसरा, ओव्हन 60 अंशांवर ठेवून दार किंचित उघडं, अर्धा-पाऊण तास. मध्ये एकदा हलवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर ताट ठेवून अगदी मंद आचेवर. कढईत थेट परतू नका, मिरची तळाला करपते आणि कडवट होते. गार करून चाळा, लहान बरण्यांत दाबून भरा, फ्रिजमध्ये ठेवा. आत मीठ आहेच, बाहेर ठेवलात तर पुन्हा ओल ओढेल.

एक मात्र बघा: गाठ फोडल्यावर आत पांढरट-हिरवट काही दिसलं किंवा कुबट वास आला तर अख्खी बरणी टाका. वरचा थर काढून खालचा वापरणं धोक्याचं. मिरचीवरच्या काही बुरशींचं विष भाजून किंवा शिजवूनही जात नाही.

जायपत्री
ओवीकाकूंशी सहमत. डंकावरून आणल्यावरची एक गोष्ट राहिली. मसाला तिथून गरम येतो. तसाच डब्यात भरून झाकण लावलं की आतली वाफ झाकणाला लागते आणि थेंब खाली पडतात. वरच्या थरात गाठी होण्याचं हेही कारण असतं. घरी आणल्यावर कागदावर पसरायचा, वर पातळ कापड, रात्रभर. मिरच्या उन्हातून उचलल्यावरही तेच: गार झाल्यावरच पिशवीत. मिरची वाळली की नाही ते हलवून कळतं, बी आत खुळखुळलं पाहिजे.

फिकट मिरचीपूड खायला चांगली आहे. उजेडाने रंग उडालाय, तिखटपणा बहुतेक शाबूत असेल. मधली तर्रीसाठी ठेवा, कडेची रोजच्या भाजीला. बरणी अंधाऱ्या कपाटात हलवा, नाहीतर बाहेरून खाकी कागद गुंडाळा. हळदीचंही तसंच, किंबहुना ती उजेडात लवकर उडते.

केळफूल
खूप आभार. गोडा मसाला टाकला. पण हिंग असूनही किडे कसे झाले? आणि धणेपूड चाळून, उन्हात ठेवून वापरता येईल का?

खलबत्ता
चाळून किडे निघतील; अंडी, अळ्या आणि विष्ठा आतच राहतील. टाका. शेजारचे डबे आजच तपासा, विशेषतः अख्खे धणे, हळकुंडं आणि सुक्या मिरच्या. हळकुंडावर सुईने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर तेही गेलं. हा किडा पातळ प्लास्टिकची पिशवी पोखरून बाहेर येतो, म्हणून पिशवीचं तोंड घट्ट बांधून भागत नाही.

हिंगावर माझा फार भरवसा नाही. उग्र वासाने बाहेरचा किडा दूर राहत असेलही, पण बहुतेक वेळा अंडी दुकानातून मालाबरोबरच आलेली असतात. उबदार हवेत महिना-दीड महिन्यात त्यांचे किडे होतात. एप्रिलचा माल जूनपर्यंत स्वच्छ दिसतो तो यामुळे.

खात्रीचा उपाय थंडीचा. धणे आणल्यावर पाव-पाव किलोच्या घट्ट बंद पिशव्या करून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर आठवडाभर. नंतर पिशवी न उघडता बाहेर ठेवा, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. थंड असताना उघडली तर हवेतलं पाणी धण्यांवर बसेल आणि किड्याऐवजी बुरशी होईल.

ओवीकाकू
हिंगाचं मला पूर्ण पटलं नाही, पण त्यावर भांडत नाही. घालायचाच तर कागदाच्या पुडीत घाला. खडा मसाल्यात फुटला की सगळ्याला हिंगाचाच वास.

केळफूल
आमचा फ्रिज एकदारी आहे. बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी होते का?

जायपत्री
एकदारी फ्रिजच्या कप्प्यात बहुतेक वेळा नाही होत. तुमच्यासाठी भाजणं सोपं. धणे मंद आचेवर सतत हलवत, आतपर्यंत गरम होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजले की अंडी उरत नाहीत. पण भाजल्यावर वास लवकर उडतो, म्हणून धणे अख्खे साठवा आणि भाजून पूड महिन्यापुरतीच करा. अर्धा किलो धणेपूड एकदम करायची गरजच नाही.

वरच्या फळीवरचं सगळं आधी खाली उतरवा. शेगडीच्या वर उष्णता आणि वाफ दोन्ही लागतात. साठवणीच्या बरण्या पाव किलोच्या, काठोकाठ भरलेल्या असाव्यात. अर्धी रिकामी मोठी बरणी म्हणजे आत तेवढी हवा. एक संपली की दुसरी उघडायची. मिसळणाच्या डब्याचं झाकण दिवसातून चारदा निघतं, म्हणून त्यात पंधरा दिवसांपुरतंच भरा. संपल्यावर वाट्या धुऊन, पुसून, उन्हात किंवा तव्याच्या उबेवर वाळवून मगच पुन्हा भरा. जुन्यावर नवा ओतू नका, तळाशी राहिलेला चमचाभर मसाला सगळ्यात जुना असतो. आणि उकळत्या पातेल्यावर बरणी उलटी करून मसाला घालायची सवय घरात कुणाला असेल तर ती आधी मोडा.