टाइप-सी ढिलं पडतं म्हणून लायटनिंग बरं?

इअरबड्सच्या चार्जिंग केसचा टाइप-सी पोर्ट लवकर ढिला होतो, ॲपलचं जुनं लायटनिंगच दणकट होतं असं बरेच जण म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही. टाइप-सीमध्ये झिजणाऱ्या पकडीच्या स्प्रिंगा केबलच्या टोकात असतात, लायटनिंगमध्ये त्या पोर्टाच्या आत होत्या, म्हणजे आता झिजली तर केबल झिजते, ती बदलता येते, इअरबड्सची अख्खी केस टाकायला लागत नाही. आणि कनेक्टर १०,००० वेळा लावणं-काढणं सोसेल असा धरलेला असतो, केस आपण आठवड्याला दोन-तीनदा लावतो, करा हिशोब.

ढिलं वाटतं ते बऱ्याचदा खिशातल्या धाग्यांमुळे. पोर्टाच्या तळाशी करड्या नमद्यासारखा थर दाबून बसतो, मग प्लग पूर्ण आत जातच नाही. लाकडी टूथपिकने हलकेच काढा, पिन नको, मधली जीभ मोडते.

खरी चीड येते ती स्वस्त बड्सची. पोर्ट टाइप-सीच पण आत ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर (चार्जरला 'इथे काहीतरी जोडलंय' हे कळवणारे बारीक पार्ट) घालत नाहीत, त्यामुळे सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, केबल लावली की चार्जर वीजच सोडत नाही आणि माणूस म्हणतो केबल खराब! चार्जरकडे जुना चौकोनी यूएसबी प्लग असलेली ए-टू-सी लावून बघा, तिच्यावर बहुधा चालू होईल. काही पैशांच्या पार्टसाठी गिऱ्हाइकाला का छळायचं? युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या इअरबड्सना टाइप-सी सक्तीचं आहे, आपल्याकडेही तसंच हवं आणि ते नीट वायरिंगसकट हवं.

केबल घेताना प्लगच्या मानेपाशी लांब लवचिक रबर आहे का तेवढं बघा, तुटते तिथेच, वरच्या नायलॉनच्या विणीवर भुलू नका.