१ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर झेडरॅम ठेवावे की झेडस्वॅप? मदत हवी आहे

नमस्कार. आईच्या जुन्या लॅपटॉपसाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. रॅम पुरेनाशी झाली की त्यातला मजकूर हलवण्याची जागा म्हणजे स्वॅप; झेडरॅम म्हणजे रॅममध्येच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेले स्वॅप, तर झेडस्वॅप म्हणजे डिस्कवरच्या स्वॅपच्या आधी रॅममध्ये ठेवला जाणारा असाच दाबलेला साठा. त्यात ३२-बिट अ‍ॅटम प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे ती वाढवता येत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो विचार सोडून दिला. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून डेबियन १२ आणि एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाकला आहे. आईचा हात याच कळफलकावर बसला असल्याने दुसरा संगणक घ्यावा असे तिलाही वाटत नाही आणि मलाही.

संगणक सुरू झाल्यावर सुमारे ३५० एमबी मेमरी वापरात दिसते आणि लिखाण सुरळीत चालते. अडचण ब्राउझर उघडल्यावर येते. दुसरा टॅब उघडला की डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो, माउसचा बाण जागीच थिजतो आणि शेवटी बटण दाबून संगणक बंद करावा लागतो.

मी ५१२ एमबीचे झेडरॅम केले, त्याला वरचा प्राधान्यक्रम दिला आणि डिस्कवरचे २ जीबी स्वॅप त्याच्या खाली ठेवले. पहिला अर्धा तास फरक स्पष्ट जाणवला. नंतर मात्र झेडरॅम भरले आणि त्यापुढची पाने (मेमरीचे छोटे तुकडे) थेट डिस्कवर जाऊ लागली. माझ्या समजुतीप्रमाणे आधी बाहेर टाकलेली, फारशी न लागणारी पाने झेडरॅममध्ये ठाण मांडून बसतात आणि नुकती वापरलेली पाने संथ डिस्कच्या वाट्याला येतात, म्हणजे जे व्हायला हवे त्याच्या नेमके उलटे होते. झेडस्वॅप जुनी पाने स्वतःहून डिस्ककडे ढकलते, त्यामुळे अशा ठिकाणी तेच योग्य ठरेल असे वाटते. पण त्याचा साठा मूळ मांडणीत एकूण रॅमच्या २० टक्क्यांपुरताच असतो आणि १ जीबीमध्ये तो पुरेल का, अशी शंका येते.

झेडरॅम पूर्ण बंद करून झेडस्वॅपचा साठा ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत न्यावा का? की डिस्कवरचे स्वॅप काढून नुसते झेडरॅमच मोठे करावे? स्वॅपीनेस (पाने स्वॅपमध्ये टाकण्याकडे किती कल असावा हे ठरवणारा आकडा) सध्या ६० आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१ मध्ये तो २०० पर्यंत वाढवता येतो, पण डिस्क फिरती असताना तो किती ठेवावा? इतक्या कमी मेमरीच्या संगणकावर ज्यांनी रोज काम केले आहे, त्यांनी स्वतःची मांडणी आकड्यांसह सांगितली तर फार मदत होईल.