मदत हवी आहे: मॅकिनेझ पॅलेसच्या जुन्या आठवणी, फोटो

मंडळी, पणजीत आयनॉक्सजवळचा मॅकिनेझ पॅलेस, म्हणजे एंटरटेन्मेंट सोसायटीचं ऑफिस असलेली वास्तू, तिच्यावर दिवाळी अंकासाठी लिहितेय. 18व्या शतकातला वाडा, 1842 साली सुरू झालेलं वैद्यकीय विद्यालय, मग गोमेको (त्याच विद्यालयाचं पुढचं रूप, गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला गेलं, 2004 पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. एवढं कुठंही वाचायला मिळतं.

मला हवंय ते मधलं. आज जिथं सिनेमे दाखवतात तिथं तेव्हा वॉर्ड होते, की वर्ग भरायचे? कपेलात, म्हणजे तिथल्या छोट्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात, पेशंटचे नातेवाईक जाऊन बसत का? औषधं कुठल्या खिडकीवर मिळायची?

कुणाचे आईवडील तिथं शिकले असतील, नर्स असतील, तर कृपया विचारून पाहा. व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तरी चालेल, कोकणीत बोलले तर उत्तमच. 2004 च्या आधीचे फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण हल्ली इफ्फीच्या रोषणाईत मूळ भिंत दिसतच नाही! फोटोमागं पोर्तुगीजमध्ये काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही फोटो काढा. शेजारच्या गोमेकोच्या मोठ्या इमारतीचे मात्र नकोत, ते भरपूर जमलेत.