जुन्या लॉनमोवरचे इंजिन एका वेगावर स्थिरावत नाही: दोष कार्ब्युरेटरचा की गव्हर्नरचा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे सुमारे पंचवीस वर्षे जुना लॉनमोवर आहे. त्याचे इंजिन एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक, उभ्या क्रँकशाफ्टचे असून पाते 22 इंची आहे. गेली दोन वर्षे तो टाकीत पेट्रोल तसेच ठेवून बंद होता, त्यामुळे सुरू होईना म्हणून मी कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) उतरवला. खालच्या वाटीत तपकिरी डिंकासारखा थर बसला होता. तो स्प्रेने धुऊन काढला, वाटीतील पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट आणि नीडल पुसून परत बसवले. चूक एवढीच झाली की गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) तारा व स्प्रिंगा काढण्यापूर्वी मी त्यांचा फोटो घेतला नाही. गव्हर्नरच्या भुजेला तीन छिद्रे आहेत. मोठी स्प्रिंग त्यांपैकी पिव्होटच्या (भुजा जिथे फिरते त्या बिंदूच्या) सर्वांत जवळच्या छिद्रात मी अंदाजाने अडकवली. केसासारख्या बारीक तारेची एक स्प्रिंग उरली, तिची जागाच सापडली नाही.

आता इंजिन सुरू होते, पण साधारण दर सेकंदाला वेग वाढतो आणि पडतो. चोक अर्धा ओढला की ते बऱ्यापैकी शांत होते. एकदा मात्र वेग एवढा चढला की मी घाबरून ते बंद केले. गव्हर्नरची स्प्रिंग थोडी ताणून सैल केल्यास हे थांबेल, असे मला वाटते. तसे करावे का?

पहिले उत्तर

स्प्रिंग ताणू नये. ती एका ठरावीक ताठरपणाची असते आणि एकदा ताणली गेली की मूळ वेग पुन्हा मिळवण्याचा मार्ग राहत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेग अनावर होण्याचे कारण सापडेपर्यंत हे इंजिन सुरूच करू नये. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला 19,000 फूट आहे. 22 इंची पात्यासाठी हिशेब केला तर ती मिनिटाला जेमतेम 3,300 फेऱ्यांवर गाठली जाते. त्यापलीकडे पाते आणि कनेक्टिंग रॉड या दोहोंवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो.

चोकबद्दल आपण जे सहज लिहून गेलात, त्यातच अर्धे निदान आहे. चोक ओढल्याने हवा कमी होते आणि मिश्रण पेट्रोलने समृद्ध होते. तेवढ्याने इंजिन शांत होत असेल, तर एरवी त्याला पेट्रोल कमी पडत आहे किंवा कुठून तरी जादा हवा मिळत आहे. अशा वेळी इंजिन गचके खाते, वेग पडतो, गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) उघडतो, वेग पुन्हा चढतो आणि तो थ्रॉटल मिटतो. पाहणाऱ्याला दोष गव्हर्नरचा वाटतो, परंतु तो बिचारा आपले काम करत असतो.

कार्ब्युरेटर पुन्हा उतरवावा. त्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवावी, टाकी रिकामी करावी आणि यंत्र कलते करायचे झाल्यास एअर फिल्टरची बाजू वर राहील असे कलते करावे; अन्यथा ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरते. वाटी धरून ठेवणारा बोल्ट नीट पाहावा. बऱ्याच जुन्या कार्ब्युरेटरांत हा बोल्ट म्हणजेच मुख्य जेट (पेट्रोल मापून सोडणारा भाग) असतो. त्याच्या मधोमध उभे छिद्र आणि बाजूला सुईच्या टोकाएवढी आडवी छिद्रे असतात. लोक तो बोल्ट पुसून ठेवतात आणि ती छिद्रे बुजलेलीच राहतात. त्याखेरीज कमी उघडलेल्या थ्रॉटलवर पेट्रोल पुरवणारा एक वेगळा बारीक मार्ग असतो. लॉनमोवर भार नसताना मुख्यतः याच मार्गावर चालतो, म्हणून मुख्य जेट स्वच्छ असूनही वेग हेलकावे खाऊ शकतो. विजेच्या वायरीतील तांब्याचा एकच धागा घेऊन प्रत्येक मार्ग मोकळा करावा, क्लीनर सोडावा आणि मग दाबाची हवा मारावी. पोलादी तार किंवा ड्रिल वापरू नये, कारण पितळी जेट केसभर जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. डोळ्यांवर चष्मा असावा. क्लीनर कुठल्या छिद्रातून आत जाईल आणि कुठल्या छिद्रातून तोंडावर येईल याचा नेम नसतो.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील गॅस्केटही (सांधा हवाबंद करणारा पातळ थर) तपासावे. जुने, कडक झालेले गॅस्केट एकदा सुटले की पुन्हा नीट बसत नाही आणि तिथून हवा शिरते. फ्लोटची पातळी पाहण्यासाठी कार्ब्युरेटर उलटा धरावा. फ्लोट साधारणपणे अंगाशी समांतर दिसला पाहिजे.

दुसरे उत्तर

वरील सल्ला योग्य आहे, मात्र या प्रकरणात जोडणीचाही दोष आहे. केवळ मिश्रणात पेट्रोल कमी असल्याने इंजिन अनावर होत नाही.

उरलेल्या बारीक स्प्रिंगपासून सुरुवात करतो. ती बहुधा भुजेपासून थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या तारेच्याच सोबतीने, तिच्याभोवती, त्याच दोन टोकांना अडकते. तार छिद्रात थोडी ढिली असते, आणि तो ढिलेपणा एका बाजूला ओढून धरणे एवढेच त्या स्प्रिंगचे काम. ती नसेल तर भुजा थोडी हलते तरी थ्रॉटल जागचा हलत नाही, नंतर एकदम हलतो, आणि त्यातूनही हेलकावे निर्माण होतात.

मोठ्या स्प्रिंगचे छिद्र पिव्होटच्या जितके जवळ, तितका गव्हर्नर संवेदनशील होतो आणि वेगातील किंचित फरकालाही मोठी प्रतिक्रिया देतो. पिव्होटपासून लांब गेल्यास तो शांत होतो, परंतु भार आल्यावर वेग अधिक पडतो. आपण सर्वांत जवळचे छिद्र निवडले आहे. रंग उडालेल्या किंवा झिजलेल्या कडेवरून मूळ छिद्र ओळखता येते का, ते भिंगाने पाहावे. (हा प्रश्न जुना आहे. वाफेच्या इंजिनांचे गव्हर्नर असेच हेलकावे खात आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये त्याचे गणित मांडले.)

जोडणी बरोबर आहे की नाही, याची एक खूण लक्षात ठेवावी: इंजिन बंद असताना वेगाचा खटका वर केला, की स्प्रिंगने थ्रॉटल पूर्ण उघडा धरला पाहिजे. पुष्कळांना हे उलटे वाटते आणि ते तो मिटलेला राहावा म्हणून तारा वाकवत बसतात. स्प्रिंग थ्रॉटल उघडते, गव्हर्नरमधील वेगाने फिरणारी वजने तो मिटवतात.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे आभार. बोल्टमधील एक आडवे छिद्र खरोखरच बुजलेले होते. गॅस्केट उलटे बसले होते आणि त्यामुळे एक हवेचा मार्ग झाकला गेला होता, हेही आता दिसले. झिजलेले छिद्र मधले निघाले. बारीक स्प्रिंगही सांगितल्याप्रमाणे बसवली. थ्रॉटल आता बंद इंजिनावर उघडा राहतो. परंतु कार्ब्युरेटर काढताना मी भुजेचा क्लॅम्प-बोल्टही सैल केला होता. भुजा दांड्यावर नेमकी कुठे आवळायची?

दुसरे उत्तर देणारे

मग वेग अनावर होण्याचे कारण तेच. बोल्ट सैल ठेवून भुजा अशा बाजूला न्यावी की थ्रॉटल पूर्ण उघडेल. तिला तिथेच धरून, क्रँककेसमधून बाहेर आलेला दांडा पकडीने त्याच दिशेने, अडेपर्यंत हलकेच फिरवावा आणि बोल्ट आवळावा. बहुतेक इंजिनांत दोन्हींची दिशा एकच असते, कारण आतील वजने मिटलेली असताना दांड्याचे पाते त्यांच्या टोपीला टेकलेले असावे लागते. मध्ये अंतर राहिले, तर वजने ते अंतर कापेपर्यंत इंजिन हाताबाहेर गेलेले असते. पहिल्यांदा सुरू करताना एक हात बंद करण्याच्या खटक्यावर ठेवावा.

प्रश्नकर्ता

सुरू केले. आवाज एकसुरी आहे, चोकची गरज उरली नाही. मात्र वायरीला लावण्याचा टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारा मीटर) मिनिटाला 6,100 दाखवत आहे. आवाजावरून तसे वाटत नाही, तरी मी लगेच बंद केले.

पहिले उत्तर देणारे

बंद केलेत हे उत्तम केलेत, परंतु मीटरची सेटिंग पाहावी. फोर-स्ट्रोक म्हणून आपण दोन फेऱ्यांना एक ठिणगी असे निवडले असणार. या इंजिनांत चुंबक फ्लायव्हीलवर असल्याने ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, त्यांतील एक वाया जाते, आणि मीटर दुप्पट आकडा दाखवतो.

प्रश्नकर्ता

तसेच होते. सेटिंग बदलल्यावर भाराविना 3,050 आला. दाट गवतात तो 2,850 पर्यंत उतरतो आणि गवत विरळ झाले की परत चढतो. हे उतरणे दोष मानावे का?

पहिले उत्तर देणारे

नाही. वेग थोडा पडल्याशिवाय अशा गव्हर्नरला थ्रॉटल उघडण्याची सूचनाच मिळत नाही, म्हणून इतका उतार राहणारच. हंगाम संपल्यावर मात्र टाकी रिकामी करून, वाटीतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि वाटीत दोन वर्षे राहिले, तर आपल्याला तोच डिंक पुन्हा खरवडावा लागेल.