शब्दचर्चा: ‘समग्र करावळी निर्वहणे’ मराठीत कसं लिहावं?

खानापूरवाला: कारवारच्या किनाऱ्यावरचा एक कन्नड मजकूर मराठीत करायचा आहे. शीर्षक ‘समग्र करावळी निर्वहणे मत्तु सुस्थिर अभिवृद्धी’. मी ‘समग्र किनारपट्टी निर्वाह आणि सुस्थिर अभिवृद्धी’ केलंय, पण वाचायला विचित्र वाटतंय. काय करावं?

शहापूरकर: निर्वाह नको हो! मराठीत निर्वाह पोटापाण्याचा असतो. निर्वहणे म्हणजे व्यवस्थापन. अभिवृद्धीचंही तेच, आपल्याकडे ती नुसती वाढ, कन्नडमध्ये विकास. सुस्थिरला ‘शाश्वत’ लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातल्या कल्पनेला मराठीत तोच शब्द रुळलाय. ‘टिकाऊ’ अर्थाला जवळचा आहे, पण तो ऐकला की चपलाच आठवतात.

खानापूरवाला: अन् समग्र? तो तर मराठीच आहे की.

म्हादईकाठ: शब्द मराठी, अर्थ वेगळा. मराठीत समग्र म्हणजे काहीही न वगळता सगळं. इथे सगळा किनारा एवढंच म्हणायचं नाहीये. वेगवेगळ्या खात्यांचे निर्णय एकमेकांत गुंफायचे आहेत. १९९२च्या रिओ परिषदेतल्या ‘अजेंडा २१’ या शाश्वत विकासाच्या कृती आराखड्याच्या १७व्या प्रकरणात किनाऱ्याबद्दल हाच आग्रह आहे. म्हणून ‘एकात्मिक’.

गोव्यातलं खाजण घ्या. खाडीकाठची सखल जमीन, भोवती मातीचा बांध, बांधात ‘मानस’ म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती चढली की बाहेरच्या दाबाने दार आपोआप मिटतं. पावसाने मीठ धुऊन गेलं की कोरगुट, म्हणजे खारेपणा सोसणारं भात घ्यायचं. आता बिघाड कसा होतो बघा. मासे जास्त मिळावेत म्हणून कुणी भरतीला दार अडकवून उघडं ठेवलं, की खारं पाणी थेट शेतात. लाकूड कुजलं तरी तेच. खेकड्यांनी बांध पोखरला, त्यात बार्जच्या, म्हणजे मालवाहू नावांच्या लाटांचा मार बसला, की खिंडार. वरून येणारं गोडं पाणी घटलं, तर खारेपणा नदीत आणखी आत सरकतो. शेती, मासेमारी, जलवाहतूक, पाटबंधारे: चौघांनी आपापल्या परीने ‘बरोबर’ निर्णय घेतले तरी खाजण बुडतं. मांडवी नदी, म्हणजेच म्हादई, तुमच्या खानापुरातल्या देगावजवळ उगम पावते, तेव्हा हा विषय घाटाखालचाच समजू नका.

खानापूरवाला: पटलं. आत मजकुरात ‘उब्बर’ म्हणजे भरती आहे, त्याला भरतीरेषा लिहिलंय.

म्हादईकाठ: नुसतं भरतीरेषा चुकेल. केंद्र सरकारच्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत ही रेषा उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोचतं तिथली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण, रोजची भरती नव्हे. ‘उच्चतम भरतीरेषा’ लिहा. सगळी मापं तिच्यापासून सुरू होतात: जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत नियमन, २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात बांधकामबंदी साधारण २०० मीटर, मात्र २०११च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१हून जास्त असेल तर ५० मीटर, तीही किनारा आराखडा नव्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झाल्यावर. रेषा रोजच्या भरतीवर आखली तर ती समुद्राकडे सरकते, अन् नियमात बसलेलं घर उधाणात सापडतं.

शहापूरकर: नियमनासाठी खाडी आत कुठवर धरायची तेही लिहून टाका, त्यावरून घोळ होतो.

म्हादईकाठ: वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात मोजलेला खारेपणा हजारी ५ भाग असेल तिथवर. पावसाळ्यातलं माप घेतलं तर खाडी कागदावर आखूड होते. आणि तो ‘हजारी’ टक्के करून टाकू नका, दहापट फरक पडेल.

खानापूरवाला: शेवटचं. किनारा ‘ताणग्रस्त’ की ‘दबावाखालचा’?

शहापूरकर: ताणग्रस्त माणसं असतात. मजकुरात कशाचा ताण ते दिलंय का?

खानापूरवाला: बंदर, वाळूउपसा, पर्यटन.

शहापूरकर: मग विशेषण कशाला? ‘बंदर, वाळूउपसा आणि पर्यटन यांचा भार पडलेला किनारा’ लिहा की.