फौजी माणूस आणि हेरखातं

एकांनी लिहिलंय की फौजेतला अधिकारी हुकमाच्या शिस्तीत वाढतो, त्याला हेरखातं चालवणं जमत नाही. मला हे अजिबात पटत नाही. इस्रायलचे मेजर जनरल मेइर अमित बघा. पॅराशूट उडीत जबर जखमी झाले, मग कोलंबिया विद्यापीठात शिकले, 1962 ला लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख आणि 1963 ते 1968 मोसादचे, म्हणजे इस्रायलच्या परदेशातल्या हेरखात्याचे. ऑगस्ट 1966 मध्ये इराकी वैमानिक मुनीर रेड्फा सोव्हिएत बनावटीचं मिग-21 लढाऊ विमान घेऊन इस्रायलमध्ये उतरला, तो यांच्याच काळात. यात विमानापेक्षा अवघड होतं ते नाराज माणूस हेरणं, त्याचा विश्वास मिळवणं आणि त्याचं कुटुंब इराकबाहेर काढणं. अर्थात 1965 ला इस्रायलचा हेर एली कोहेन याला सीरियात दमास्कसमध्ये फाशी झाली, तेही याच कारकिर्दीतलं. ते विसरून चालणार नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, सैनिक टाकळीच्या शेजारी. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. कुठल्या पोराच्या घरी काहीतरी बिनसलंय, हे त्यांना सकाळच्या परेडला त्याच्या चालीवरूनच कळायचं. अमितांबद्दल वाचताना मला तेच आठवत राहतं.